नोंदपत्रकाचे दर्शनी रूप आणि अंतर्रूप

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी, मारेगाव आदी तालुक्यांत बोलली जाणारी कोलामी ही द्राविड कुलातील भाषा होय. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. कोलामीत मराठीतून पुष्कळ शब्द आलेले आहेत. त्यामुळे एखादा शब्द कोलामी भाषकाकडून मिळाला की वऱ्हाडी भाषकाकडून, हे केवळ त्याच्या रूपावरून नेहमीच सांगता येत नाही. शब्दाशेजारी केलेली बोलीची नोंद हाच तेथे पुरावा ठरतो.

अशा नोंदींसाठी प्रस्तुत लेखकाने ‘अँग्युलर’ या घटकाधिष्ठित आराखड्यात एक संगणकीय नोंदपत्रक सिद्ध केले. शब्द, अर्थ व बोली असे त्याचे तीन रकाने. एका बैठकीत बोली एकच असावयाची, म्हणून तो रकाना आधीच भरून निष्क्रिय ठेवला होता. पडद्यावर ‘कोलामी’ स्पष्ट दिसे. साठविलेल्या नोंदीत मात्र बोलीचा उल्लेखच नसे.

याची मीमांसा अशी. येथे एकाच मूल्याची तीन स्थाने असतात: पडद्यावरील रकाना, आपली नोंदवस्तू आणि या दोहोंमध्ये आराखड्याने उभारलेले पत्रकाचे प्रतिमान. ‘एनजी-मॉडेल’ ही निर्देशिका प्रत्येक रकान्यासाठी एक नियंत्रक निर्माण करते आणि रकान्याच्या नावाने तो प्रतिमानात दाखल करते. परंतु प्रतिमानाच्या ‘व्हॅल्यू’त निष्क्रिय नियंत्रकाचे मूल्य धरले जात नाही. आम्ही नेमकी तीच ‘व्हॅल्यू’ साठवीत होतो.

हा दोष पडद्याकडे कितीही पाहिले तरी उमगत नाही. त्यासाठी पत्रकाला एक संदर्भनाम द्यावे, त्याची ‘व्हॅल्यू’ ‘जेसन’ गाळणीतून पत्रकाखालीच उमटवावी आणि शेजारी नोंदवस्तूही तशीच उमटवावी. अक्षर टंकताच दोन्ही बदलतात, आणि जेथे त्यांच्यात भेद दिसेल तेथे दोष शोधावा. आमच्या बाबतीत नोंदवस्तूत बोली होती, ‘व्हॅल्यू’त नव्हती. यावर उपाय दोन: रकाना निष्क्रिय न करता केवळ वाचनीय ठेवणे, किंवा निष्क्रिय मूल्यांसह सर्व मूल्ये देणारी ‘गेट-रॉ-व्हॅल्यू’ ही क्रिया योजणे.

क्षेत्रवहीशी ताडून पाहता ज्या नोंदींची बैठक निश्चित झाली, त्या दुरुस्त करता आल्या. उरलेल्या बाद कराव्या लागल्या. भाषाभ्यासकाने उच्चारामागील रूप तपासावे, तसेच नोंदपत्रकामागील प्रतिमानही पहिल्याच दिवशी तपासावे, हे उत्तम.