दवाखान्यात जाताना औषधांची पिशवी सोबत न्या

वॉर्डात ड्यूटी करताना आम्ही दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, “घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत?” उत्तर ठरलेले असायचे, “एक पांढरी, सकाळची. एक छोटी, गुलाबी.” पांढऱ्या गोळ्या शेकडो प्रकारच्या असतात. त्यावरून औषध ओळखता येत नाही.

आपल्या वस्तीत एकाच माणसाची औषधे तीन ठिकाणांहून येतात: सरकारी दवाखाना, खासगी डॉक्टर आणि मेडिकल. बीपीची अॅम्लोडिपिन एकीकडे मूळ नावाने मिळते, दुसरीकडे कंपनीच्या नावाने. पाकीट वेगळे दिसते म्हणून दोन्ही गोळ्या घेतल्या जातात. डोस दुप्पट होतो, बीपी उतरते, चक्कर येऊन माणूस पडतो. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडचे असे झाले, तर साखर फार कमी होऊन माणूस बेशुद्धही पडू शकतो.

हे टाळायला घरची आणि दवाखान्याची, अशा दोन्ही याद्या जुळवून पाहाव्या लागतात. काही रुग्णालयांत आता संगणक यात मदत करतो. एकच औषध दोनदा आले किंवा दोन औषधांचे एकमेकांशी जमत नसले, तर तो इशारा देतो. टीबीची रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे त्याचे एक उदाहरण. निर्णय मात्र डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यातला ‘आभा’ क्रमांक १४ अंकी, मोफत आणि ऐच्छिक आहे. जोडलेल्या रुग्णालयातील चिठ्ठ्या आणि रिपोर्ट तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात. त्यासाठी आलेला ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका.

पण संगणकाला नोंदवलेले तेवढेच कळते. चिठ्ठीशिवाय घेतलेली अंगदुखीची गोळी किंवा घरचा काढा त्याला दिसत नाही. म्हणून एवढे कराच:

• घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून दवाखान्यात न्या.
• प्रत्येक पाकिटावरील नावाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.
• काढा, इंजेक्शन, मेडिकलमधून आणलेली गोळी, काहीही लपवू नका.
• सुट्टी होताना विचारा, “जुन्यातली कोणती चालू ठेवायची, कोणती बंद करायची?” उत्तर लिहून घ्या.
• स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका.

हे विचारायला संकोच नको. आपल्या पोटात कोणते औषध जाते, हे जाणून घेणे आपला हक्क आहे.