समूहमन : लेखांक ६ – हौदाकाठची रेघ

माणूस आपली तुलना कोणाशी करतो, यावर त्याला विषमता किती बोचते हे ठरते, असे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. विषमता बोचत असूनही माणसे कधी गप्प राहतात आणि कधी एकत्र येऊन उभी ठाकतात? त्यासाठी दौलताबादच्या किल्ल्यापाशी जाऊ. साल १९३४.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर चळवळीतल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. मुलूख निजामाचा. दौलताबादच्या वेशीवर तिथली अस्पृश्य मंडळी त्यांची वाट पाहत उभी होती. आधी चहा घ्या, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह. चहा सगळ्यांनाच हवा होता. पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहून व्हायला हवा म्हणून गाडी तशीच पुढे गेली. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक लहानसा हौद होता, काठोकाठ भरलेला, भोवती रुंद फरसबंदी. प्रवासात सगळे धुळीने माखले होते. काहींनी तिथे हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले आणि मंडळी दरवाजाकडे वळली. तेवढ्यात मागून पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत आला : हौद बाटवला! रमजानचा महिना होता. बघता बघता गर्दी जमली आणि शिव्यांचा भडिमार सुरू झाला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला आहे. अस्पृश्यता एका धर्माच्या कुंपणात थांबत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. बडोद्यात पारशी सरायीतून त्यांना बाहेर काढले गेले, तो प्रसंगही त्याच आठवणींत आहे.

आता एका प्रयोगाच्या आधारे त्या गर्दीच्या मनात डोकावू. हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेतून वाचला, पण घरची बहुतेक माणसे नाझींनी मारली होती. माणसे ‘आपले’ आणि ‘परके’ कशी ठरवतात, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही. १९७०च्या सुमारास त्याने ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडली, तुम्हाला कँडिन्स्कीची, एवढेच मुलांना सांगितले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी होती. मग प्रत्येकाला दोन अनोळखी मुलांमध्ये पैसे वाटायला दिले. स्वतःला काहीच मिळणार नव्हते. तरीही मुले आपल्या गटाकडे झुकली. आपल्या गटाला जास्त मिळत असले, पण समोरच्याला त्याहूनही जास्त मिळणार असेल, तर बऱ्याच मुलांनी आपल्यांचे थोडे कमी पत्करले आणि वरचढपणा राखला.

हौदाकाठीही नुकसान पाण्याचे झालेच नव्हते. हौद तसाच भरलेला होता. धक्का बसला तो अंतराला. ते अंतर बिनबोभाट राखले जावे, यावर वरच्या माणसाची स्वतःविषयीची कल्पना उभी असते. म्हणूनच ही माणसे माजली, आपली पायरी विसरली, यांना धडा शिकवला पाहिजे, असा गर्दीचा सूर होता.

पुढे गर्दीने आपला राग स्थानिक अस्पृश्यांकडे वळवला. या बाहेरच्यांना इथली रीत का सांगितली नाही, म्हणून त्यांनाच धारेवर धरले. ती बिचारी हौदापाशी नव्हतीच. आमचा यात दोष नाही, असे ती परोपरीने सांगत होती. विषमता टिकते कशी, हे इथे उघडे पडते. रेघ वरचा ओढतो आणि ती सांभाळण्याचे काम खालच्यावर टाकतो. अन्याय सोसणाऱ्यांनाही कधीकधी तीच व्यवस्था रास्त वाटू लागते, असे जॉन जोस्ट आणि सिकंदराबादेत जन्मलेल्या महजरीन बानाजी यांनी १९९४ मध्ये मांडले. ते खरे आहे. पण प्रत्येक मौनाला हे कारण लावू नये. पाहुण्यांची गाडी संध्याकाळी निघून जाणार होती. स्थानिकांना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाणी भरायचे होते, त्याच लोकांकडे कामाला जायचे होते. त्यांची गयावया ही संमती नव्हती, तो हिशेब होता.

अखेर बाबासाहेबांनी संतापून गर्दीला विचारले : तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्याला या हौदाचे पाणी घेऊ देणार नाही का? गर्दी गप्प झाली. पुढे किल्ल्यात सोडले ते आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पाळतीला एक हत्यारबंद शिपाई देऊन.

माणसे कधी गप्प राहतात आणि कधी एकत्र उभी ठाकतात, या सुरुवातीच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेली गोष्ट ताजफेल आणि त्याचा सहकारी जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये मांडली. रेघ ओलांडता येत असेल, तर माणूस एकट्यापुरती वाट शोधतो : नाव बदलतो, वस्ती सोडतो, जात लपवतो. ती ओलांडता येत नाही, ती अन्यायाची आहे आणि ती बदलू शकते, या तिन्ही गोष्टी पटल्या की लढा सामूहिक होतो. गट सोडणे आणि गटासाठी लढणे हे या मांडणीत दोन वेगळे रस्ते आहेत. बाबासाहेबांनी ते एक केले, हे मला त्यांचे सर्वांत मोठे समाजशास्त्रीय योगदान वाटते. दौलताबादनंतर पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. पण ते एकटे निघून गेले नाहीत. एकवीस वर्षे थांबले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना बरोबर घेऊन बाहेर पडले. एकट्याने धर्म बदलला असता तर ती सुटका ठरली असती. सगळ्यांनी मिळून बदलला, म्हणून तो उठाव ठरला.

मराठवाड्यातला नामांतराचा लढाही याच अंगाने वाचावा लागतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. नावाने पोट भरते का, असे तेव्हाही विचारले जाई. त्याचे उत्तर ताजफेलच्या प्रयोगात आहे : माणसाला आपल्या समूहाचा मान भाकरीइतकाच लागतो, आणि तो नाकारणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते.

संतापाला ‘आपण’ची आणि ‘आपल्याला हे जमेल’ या भरवशाची जोड मिळाली की समूह हलतो. हा भरवसा दुबळ्यांनी एकट्याने उभा करायचा, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. गावात आजही दोन स्मशानभूमी असतील, तर तो प्रश्न ग्रामसभेत पहिल्यांदा मांडण्याची जबाबदारी ज्याला बोलण्याची किंमत कमी मोजावी लागते त्याची आहे. महाडला १९२७ मध्ये, चवदार तळ्याच्या सत्याग्रहात, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि गं. नी. सहस्रबुद्धे यांनी ती उचलली होती. रेघेच्या वरच्या बाजूची माणसे खाली का उतरतात, हे पुढील लेखात पाहू.