विश्वस्फीती व बुडबुडा-विश्वे
विश्वाच्या आरंभी, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, अवकाशाचे घातांकी गतीने प्रचंड प्रसरण झाले, या संकल्पनेस विश्वस्फीती म्हणतात. प्रचलित प्रतिकृतींनुसार या काळात अंतरे निदान १० च्या २६ व्या घाताइतक्या पटींनी वाढली.

सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान (सु. २.७ के.) सर्व दिशांना जवळजवळ सारखे आढळते. हे प्रारण महास्फोटानंतर सु. ३,८०,००० वर्षांनी मुक्त झाले. साध्या महास्फोट सिद्धांतानुसार, आज आकाशात काही अंशांहून अधिक दूर दिसणाऱ्या प्रदेशांमध्ये तोवर प्रकाशाचीही देवाणघेवाण शक्य नव्हती. मग त्यांचे तापमान समान कसे? अमेरिकन भौतिकीविज्ञ ॲलन गूथ यांनी १९८१ मध्ये उत्तर सुचविले : स्फीतीपूर्वी हे प्रदेश परस्परांच्या निकट होते. अवकाशाची सपाटी व चुंबकीय एकध्रुवांचा अभाव यांचाही उलगडा याच कल्पनेने होतो. रशियन शास्त्रज्ञ अल्येक्सी स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्येच वेगळ्या मार्गाने अशी प्रतिकृती मांडली होती.

गूथ यांच्या मांडणीत एक अदिश क्षेत्र उच्च ऊर्जेच्या ‘मिथ्या निर्वात’ अवस्थेत अडकलेले असते. अवकाश प्रसरण पावले तरी त्याची ऊर्जा घनता घटत नाही. म्हणजेच त्याचा दाब ऋण असतो आणि व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार असा दाब प्रतिकर्षण घडवितो. पुढे पुंजयामिकीय पारगमनाने या अवस्थेत खऱ्या निर्वाताचे बुडबुडे उद्‌भवतात व त्यांच्या भिंती जवळजवळ प्रकाशवेगाने पसरतात. उकळत्या पाण्यातील बुडबुडे एकमेकांत मिसळतात. येथे मात्र मधले अवकाशच इतक्या वेगाने फुगते की, बुडबुडे सर्वत्र एकत्र येऊच शकत नाहीत. शिवाय मुक्त झालेली ऊर्जा भिंतींत साठते आणि आतील भाग रिकामा राहतो. अशा बुडबुड्यात दीर्घिका निर्माण होणार नाहीत. हा दोष खुद्द गूथ यांनीच दाखविला होता. आंद्रेई लिंडे, तसेच आंद्रेआस आल्ब्रेख्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी १९८२ मध्ये तो दूर केला. त्यांच्या मते क्षेत्र ऊर्जेच्या उतारावरून सावकाश घसरते आणि एकाच बुडबुड्याच्या आतील अवकाश फुगून त्यात आपले सर्व दृश्य विश्व सामावते.

स्फीती एके ठिकाणी थांबली, तरी अन्यत्र ती चालूच राहील, हे अलेक्झांडर व्हिलेनकिन यांनी १९८३ मध्ये दाखविले. त्यामुळे बुडबुडा-विश्वांची मालिका संपत नाही. सिडनी कोलमन व फ्रँक डी लुचिया यांच्या १९८० मधील गणितातून आणखी एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो : बाहेरून सांत दिसणारा बुडबुडा आतील निरीक्षकास अनंत भासतो. फ्रेड हॉईल व जयंत नारळीकर यांनी १९६६ मध्ये, स्थिर स्थिती सिद्धांताच्या संदर्भात, द्रव्यनिर्मिती थांबलेल्या बुडबुड्यांची कल्पना मांडली होती. या पूर्वसूरींचा उल्लेख क्वचितच होतो.

स्फीतीस निरीक्षणांचा आधार आहे. पुंज आंदोलनांतून अपेक्षित असलेले, लाखात सु. एक भाग इतके तापमानभेद कोबे उपग्रहास १९९२ मध्ये आढळले आणि प्लँक उपग्रहाने मोजलेला वर्णपटीय निर्देशांक (सु. ०.९६५) अपेक्षेप्रमाणे एकापेक्षा किंचित कमी आहे. मात्र आद्य गुरुत्वीय तरंगांचा २०१४ मधील दावा आकाशगंगेतील धुळीमुळे टिकला नाही.

बुडबुडा-विश्वांची स्थिती अधिक नाजूक आहे. अनंत विश्वांत जे जे शक्य ते सर्व कोठेतरी घडत असेल, तर एखादी गोष्ट संभाव्य आहे म्हणजे काय, हे ठरविणारे सर्वमान्य माप नाही. स्टाइनहार्ट हे याच कारणास्तव पुढे स्फीतीचे कडवे टीकाकार झाले. या आक्षेपात तथ्य आहे. तथापि कल्पना पूर्णतः परीक्षेबाहेरची नाही. शेजारचा बुडबुडा आपल्या बुडबुड्यावर आदळला असेल, तर पार्श्वभूमी प्रारणात वर्तुळाकार ठसा उमटावा. डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या माहितीत २०११ मध्ये असे ठसे शोधण्यात आले. निर्णायक पुरावा मिळाला नाही.