फॉर्ममधला ‘नाही’

आजचा विषय चारित्र्य पडताळणीचा.

परवा इंदूरहून एका मुलाचा फोन आला. केंद्रीय पोलीस दलात निवड झालेली. कॉलेजात असताना मारामारीत नाव आलं, गुन्हा नोंदला गेला, पुढे तडजोड होऊन खटला मिटला. आता अटेस्टेशन फॉर्म समोर होता. म्हणाला, “सर, केस तर मिटली. ‘नाही’ लिहिलं तर चालेल ना? घरचे सगळे तेच सांगतायत.”

मी म्हटलं, “थांब. आधी प्रश्न नीट वाच.”

तुम्हीही वाचा. शिक्षा झाली का, एवढंच त्यात विचारत नाहीत. कधी अटक झाली होती का? खटला चालला होता का? दंड झाला का? परीक्षेला बसायला मनाई झाली होती का? प्रत्येक प्रश्न वेगळा. तुम्ही सुटलात, तरी ‘खटला चालला होता का’ याचं उत्तर ‘हो’च राहतं. खोटी माहिती दिली किंवा दडवली तर अपात्र ठरू शकता, असा इशाराही त्याच फॉर्मवर असतो.

म्हणजे जुनी मारामारी एकवेळ माफ होईल. आजचं खोटं मात्र आजच्या वागणुकीत मोजलं जातं. ज्याच्या हाती बंदूक किंवा गोपनीय कागद द्यायचे, तो अडचणीत खरं बोलतो का, हे सरकारला पाहायचं असतं.

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल म्हणजे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो दिला. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, माहिती खरी हवी. दोन, तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब दडवली गेली असेल, तर ती चूक माफ करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. तीन, खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही. पूर्वेतिहास तपासण्याचा हक्क त्याच्याकडे राहतोच. चार, ज्या खटल्याची तुम्हाला कल्पनाच नव्हती किंवा जे फॉर्ममध्ये स्पष्टपणे विचारलंच नव्हतं, ते ‘दडवलं’ असं धरता येत नाही. सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला काढायचं तर आधी विभागीय चौकशी लागते.

त्याआधी 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या प्रकरणातही याच न्यायालयाने म्हटलं होतं की, तारुण्यातल्या लहानसहान चुकांसाठी कुणाला जन्मभर गुन्हेगार ठरवू नये.

मग करायचं काय? गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं आणि निकालाची तारीख लिहा. निकालाची प्रमाणित प्रत काढून जोडा. आधीच चुकीचं लिहून बसला असाल, तर पडताळणीत सापडण्याची वाट न पाहता लेखी कळवा. पोलीस ठाण्यातल्या नोंदी आपल्यासारख्या विसरत नाहीत.

त्या मुलाने ‘हो’ लिहिलं. निर्णय अजून आलेला नाही. रोज पोस्टमनची वाट पाहतो, म्हणाला. कदाचित नकार येईल, हेही मी त्याला सांगितलंय. पण आता त्याला लपवायचं काही उरलेलं नाही. खोटं लिहून रुजू झाला असता, तर हीच धाकधूक वर्दीखाली वर्षानुवर्षं राहिली असती.

तुमच्या घरात कुणी असा फॉर्म भरत असेल, तर शेजारी बसा आणि प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचा. भेटू पुढच्या भागात.