नकाशाची मिनिटा-मिनिटाची खबर

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे बहुतेक रस्ते ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर नव्हतेच. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून ते रेखाटायला घेतले. रस्ते, पडझड झालेल्या इमारती, तंबूंच्या वसाहती अशी भर सतत पडत होती. पण शोधपथकांच्या जीपीएस यंत्रांत जुनाच नकाशा राहिला असता, तर ही मेहनत वाया गेली असती. म्हणून ताज्या माहितीवरून पुन्हा पुन्हा नवे नकाशे तयार करून पथकांना दिले गेले.

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची जगभरची माहिती एका फाइलीत मिळते. ती ७० जीबीहून मोठी आहे. एवढी फाइल रोज कोण उतरवून घेणार? म्हणून दर मिनिटाला केवळ नव्या बदलांची छोटी फाइल सर्व्हरवर ठेवली जाते. हीच बदलांची फीड. नवे काय आले, काय बदलले आणि काय पुसले, एवढेच तीत असते. तासाच्या आणि दिवसाच्या फायलीही वेगळ्या मिळतात.

रोजकीर्दीसारखा इथेही क्रम मोडून चालत नाही. नकाशातला रस्ता म्हणजे बिंदूंच्या क्रमांकांची यादी. बिंदू येण्याआधी रस्ता आला, तर तो काढायचा कुठून कुठे? म्हणून प्रत्येक फाइलीला अनुक्रमांक असतो. शेवटचा क्रमांक आणि वेळ सांगणारी चिमुकली फाइलही सोबत असते. वीज गेली, नेट तुटले, तरी आपला संगणक राहिलेल्या फायली क्रमाने आणून नकाशा अद्ययावत करतो.

ही फीड नकाशावर पहाराही ठेवते. कोणी खोडसाळपणे गावाचे नाव बदलले, तर बदलांवर नजर ठेवणाऱ्यांना ते लवकर कळते आणि दुरुस्त करता येते. मराठी नावांसाठी या नकाशात स्वतंत्र नोंद आहे. आपल्या वाडीचे चुकलेले नाव आपण सुधारले, की ती दुरुस्तीही याच वाटेने जगभर जाते.

भारतात १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरचे निर्बंध बरेच सैल केले. आता पुढचे पाऊल टाकायला हवे. नवा पूल, बंद झालेला घाट, बदललेली वॉर्डांची हद्द यांची माहिती सरकारी यंत्रणांनी वर्षाकाठी एकदा जाहीर करून थांबू नये. तिच्या बदलांची फीडही सर्वांना खुली करावी. रुग्णवाहिकेच्या चालकाला गेल्या वर्षीचा रस्ता उपयोगाचा नसतो.