पंच्याऐंशी अंशांची थाप

भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा कर वाढवताना महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यनिर्मितीवर नजर ठेवायला एआयवर चालणारा नियंत्रण कक्षही मंजूर केला. क्वार्टर कितीने महागली, एवढीच चर्चा झाली. मला काळजी आहे ती टाकीत बुडालेल्या सेन्सरची.

तो कसा गंडवतो हे बघायचं तर घरगुती ब्रूइंगचा कंट्रोलर उघडावा. अमेरिकेत घरी बीअर करायला १९७९ पासून केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, म्हणून चिंचवडच्या गॅलरीत हेच सर्किट कोम्बुचावर चालवावं. वायरीला फरक कळत नाही. आंबवण्याचा कारभार पिंपरीला नवा नाहीच. १९५४ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन टाक्यांत आंबवूनच निघायचं, आणि तेही लॅपटॉपशिवाय.

सामान साधं असतं: ईएसपी-३२ बोर्ड, डीएस१८बी२० सेन्सर, रिले, हीटरसाठी एसएसआर (सॉलिड-स्टेट रिले) आणि जुना फ्रिज. ऐन मे महिन्यात स्क्रीनवर अचानक ८५ अंश झळकतात. फ्रिजमधलं पातेलं ८५ वर कसं जाईल? पण हा सेन्सर वीज मिळताच, पहिलं मोजमाप होईपर्यंत, ८५ हाच आकडा धरून बसतो. मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो. सप्लाय क्षणभर दबला किंवा कोडने घाई केली, की ती थाप खरी मानून कंट्रोलर फ्रिज सुरू करतो. उणे १२७ दिसलं तर सेन्सर लाइनवरच नाही: ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा राहिलाय किंवा जॉइंटमध्ये पाणी गेलंय. आयटीवाले मात्र आधी लायब्ररी बदलतात. एआयला असा ८५ मिळाला, तर तो त्याचाही देखणा आलेख काढेल.

भोसरीतला मेंटेनन्सवाला आधी टेस्ट लॅम्प काढतो. होल्डर, बल्ब, दोन वायरी; संपलं. एसएसआर मेला की बहुधा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे कोड ‘बंद’ म्हणतो, इंडिकेटर विझलेला असतो आणि हीटर तापतच राहतो. तो तपासायला नुसतं मीटर लावलं तर धडधाकट एसएसआरही बंद असताना व्होल्टेज दाखवतो, कारण त्यातून किंचित करंट झिरपत असतो. बल्बचा लोड लावला की खरं-खोटं कळतं. बीअरचा मॅश ६६ अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. हीटर अडकून ८० वर गेला तर एन्झाइम मरतात आणि माल वाया. यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. वेगळा थर्मल कटआउट हवा, आणि पाण्याशेजारी काम आहे तर अर्थिंग व आरसीसीबीही.

सॉफ्टवेअरला मी अगदीच निर्दोष सोडत नाही. कॉम्प्रेसर बंद झाला की तीन ते पाच मिनिटं थांबावं, हे बहुतेक कोडमध्ये असतं. पण गुरुवारी महावितरणची दुरुस्ती, लाइट जाते-येते, बोर्ड रीस्टार्ट होतो आणि आधीचं सगळं विसरतो. लाइट येताच कॉम्प्रेसरला दणका! बोर्ड जागा झाला की टायमरने आधी थांबायचं, ही एक ओळ लिहायचा कंटाळा फ्रिजच्या जिवावर येतो. तापमानाचा निर्णय वायफायपलीकडच्या सर्व्हरवर सोपवणं तर मला शुद्ध वेडेपणा वाटतो. मोबाइलवर आलेख हवा तेवढा बघा, रिले बोर्डानेच चालवावा.

कॅलिब्रेशनही इथल्या हवेचं हवं. बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून सेन्सर बुडवला तर शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची वाट बघू नये. पिंपरी-चिंचवडचा पट्टा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सेन्सर बिघडला म्हणून दोन अंशांची ‘दुरुस्ती’ कोडमध्ये घातली, की १८ ला आंबवायचं पातेलं १६ वर रेंगाळतं आणि दोष यीस्टला लागतो.