पुस्तक निवडताना

ग्रंथालयाच्या कपाटासमोर उभे राहिल्यावर 'यातले कोणते पुस्तक घेऊ?' असा प्रश्न तुम्हांला अनेकदा पडला असेल. कोणी जाड पुस्तक पाहून घाबरतो, कोणी चित्रे पाहून पुस्तक उचलतो, तर कोणी मित्राने नेले म्हणून तेच मागतो. घरी वडील माणसे म्हणतात, 'काहीतरी चांगले वाच.' पण चांगले म्हणजे नेमके काय, हे सहसा कोणी सांगत नाही.

या प्रश्नाशी उर्दू साहित्याचे जुने नाते आहे. डेप्युटी नझीर अहमद हे एकोणिसाव्या शतकातील मोठे लेखक. ते सरकारी नोकरीत होते. आपल्या मुलींना वाचायला काय द्यावे, अशी चिंता त्यांना पडली. मुलींना वाचता येत होते, वाचण्याची आवडही होती. पण त्यांच्या वयाला शोभेल, त्यांच्या रोजच्या जीवनाशी जवळचे असेल आणि गोडीने वाचता येईल, असे पुस्तक मिळेना. शेवटी त्यांनी स्वतःच लेखणी हातात घेतली. थोडे लिहावे, मुलींना द्यावे, त्यांनी ते संपवले की पुढचा भाग लिहावा, असा क्रम सुरू झाला. मुली पुढच्या भागासाठी वडिलांकडे तगादा लावू लागल्या. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट म्हणजेच 'मिरातुल उरूस'. १८६९ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सरकारने त्याला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. उर्दू कादंबरीचा जन्म असा घरातल्या मुलींच्या वाचनाच्या भुकेतून झाला!

गंमत अशी, की याच लेखकाच्या 'तौबतुन्नसूह' या दुसऱ्या कादंबरीत नसूह नावाचा बाप आपल्या मुलाची, कलीमची, पुस्तके जाळून टाकतो. ही पुस्तके वाईट आहेत, असे त्याला वाटते. पुस्तके जळाली, पण बाप आणि मुलगा यांच्यातील दुरावा काही मिटला नाही. मुलांसाठी पुस्तक लिहिणारा बाप आणि मुलाचे पुस्तक जाळणारा बाप, हे दोघे आजही घराघरांत भेटतात. गोष्टीचे पुस्तक हातात दिसताच ते काढून घेऊन 'आधी अभ्यास कर' म्हणणारी माणसे कमी नाहीत. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच घडते. घरातील कामाची हाक आली, की सर्वांत आधी तिच्या हातातले पुस्तक बंद होते.

आता प्रेमचंदांचे उदाहरण पाहा. प्रेमचंद हे हिंदी आणि उर्दू या दोन्ही भाषांतील थोर कथाकार. त्यांचा जन्म १८८० साली बनारसजवळच्या लमही गावी झाला. त्यांनी आपल्या लहानपणाच्या वाचनाची आठवण लिहून ठेवली आहे. ते तेरा वर्षांचे असताना वडिलांच्या नोकरीमुळे गोरखपूरला राहत होते. तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हते. उर्दू कादंबऱ्यांचे मात्र वेड लागले होते. शरर, सरशार, रुसवा यांची पुस्तके मिळाली, की शाळेची आठवणही राहत नसे. पण पुस्तके विकत घ्यायला पैसे कोठून आणणार? गोरखपुरात बुद्धिलाल नावाचे एक पुस्तकविक्रेते होते. प्रेमचंद त्यांच्या दुकानात बसून कादंबऱ्या वाचत. दिवसभर दुकानात बसणे शक्य नव्हते. म्हणून ते दुकानातील इंग्रजी पुस्तकांच्या मार्गदर्शिका शाळेत नेऊन मुलांना विकत आणि त्या बदल्यात कादंबऱ्या घरी नेत. दोन-तीन वर्षांत त्यांनी शेकडो कादंबऱ्या वाचल्या. कादंबऱ्या संपल्यावर 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड वाचायला घेतले. जादूगार, अय्यार, मायावी किल्ले यांनी भरलेले हे लखनौच्या नवलकिशोर छापखान्याचे खंड त्या काळी घरोघरी वाचले जात.

नसूहसारख्या बापाच्या हाती ते खंड लागले असते, तर त्याने काय केले असते? 'जादूच्या खोट्या गोष्टी' म्हणून ते चुलीत गेले असते. पण जादूच्या गोष्टी वाचणारा हा मुलगा मोठेपणी जादूवर लिहीत बसला नाही. त्याने शेतकऱ्याची गरिबी लिहिली. 'ईदगाह' या कथेत जत्रेतली खेळणी सोडून आजीसाठी चिमटा विकत घेणारा लहानगा हामिद त्याने उभा केला. लहानपणी मनसोक्त वाचलेल्या हजारो पानांतून भाषा हाती आली आणि गोष्ट सांगण्याची रीत समजली. म्हणून हलकीफुलकी पुस्तके वाचणारा मुलगा वाया गेला, असे समजू नये. एकेकाळी अनेक गावांत आणा लायब्ररी असत. एक आणा देऊन तेथून पुस्तक घरी नेता येई. १९५२ साली अलाहाबादहून सुरू झालेल्या इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया'तील कादंबऱ्यांवर तेथे उड्या पडत. त्या वाचत वाचत कितीतरी लोकांची उर्दू सफाईदार झाली.

याचा अर्थ हाती पडेल ते वाचावे, असा नाही. काही पुस्तके चांगली असतात, पण आपल्यासाठी अजून लवकर असतात. विषय समजत नाही, शब्द अडतात, मनात नकोशी भीती बसते. असे पुस्तक सरळ बाजूला ठेवावे. दोन वर्षांनी तेच आवडेल. मात्र दुःखाची गोष्ट म्हणजे मुलांसाठी अयोग्य, हे मत मला मान्य नाही. डॉ. झाकिर हुसेन यांची 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. चांदणी नावाची बकरी बांधलेल्या दोरीला कंटाळते, डोंगरावर पळून जाते आणि रात्रभर लांडग्याशी लढून पहाटे मरण पावते. आठ वर्षांच्या मुलाला बकरीसाठी रडू येते. चौदा वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट वाचताना स्वातंत्र्य म्हणजे काय, हे जाणवू लागते. जिंकले कोण, लांडगा की चांदणी, यावर झाडावरचे पक्षी वाद घालतात. मग वाचणारी मुलेही घालतात. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेल्या माणसाने मुलांसाठी ही दुःखाची गोष्ट लिहिली, कारण मुलांच्या समजुतीवर त्यांचा विश्वास होता.

पुस्तक आपल्याला झेपेल का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. पुस्तकाच्या मध्यावरचे कोणतेही एक पान उघडा. वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पान संपेपर्यंत दोन-तीन बोटे मिटली, तर पुस्तक तुमच्या जोगे आहे. पाचही मिटली, तर ते सध्या कठीण आहे. एकही मिटले नाही, तरी हरकत नाही. थकल्यावर सोपे पुस्तक वाचण्यातही आनंद असतो. यानंतर अनुक्रमणिका पाहा, मागच्या पानावरील मजकूर वाचा. विज्ञानाचे पुस्तक असेल, तर ते कोणत्या वर्षी छापले, हे जरूर पाहा. जुन्या पुस्तकात सूर्याचे नऊ ग्रह असे लिहिलेले सापडेल; २००६ पासून प्लूटोची गणना ग्रहांत होत नाही. गोष्टींच्या पुस्तकाला मात्र असे वय नसते.

मराठी पुस्तक निवडताना तुम्हांला आणखी थोडा विचार करावा लागतो. घरी उर्दू, शाळेत उर्दू, त्यामुळे मराठी वाचनाचा वेग कमी असतो. जोडाक्षरे आली, की जीभ अडखळते. अशा वेळी आपल्या इयत्तेपेक्षा दोन-तीन इयत्ता खालचे मराठी पुस्तक घ्यावे. त्यात कमीपणा नाही. आठवीतील मराठी मुलाला उर्दूची पहिली ओळ वाचायला सांगा, म्हणजे तुम्ही किती पुढे आहात, हे कळेल!

शिवाय तुमच्याजवळ एक गुप्त धन आहे. कागद, दुकान, बाजार, जमीन, वकील, अर्ज, इमारत, हजर असे शेकडो शब्द मराठीत फार्सी व अरबीतून आले आहेत. 'बाबा-ए-उर्दू' मौलवी अब्दुल हक बरीच वर्षे औरंगाबादला होते. मराठीवर फार्सीचा काय परिणाम झाला, या विषयावर त्यांनी पुस्तकच लिहिले आहे. मात्र काही शब्द ओळखीचे वाटतात आणि फसवतात. मराठीत 'खाली बसा' म्हणजे जमिनीवर बसा. येथे 'खाली'चा अर्थ रिकामा असा नाही. तालमीत जाणारा मुलगा शिकायला नव्हे, तर कुस्ती आणि व्यायाम करायला जातो. 'सही करा' म्हणजे बरोबर करा नव्हे, तर कागदावर दस्तखत करा. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त करणारा माणूस हरलेला नसतो, तो अगदी जिवापाड प्रयत्न करीत असतो. असे शब्द भेटले, की वहीत टिपून ठेवावेत. प्रत्येक अडलेल्या शब्दाला थांबून शब्दकोश उघडू नये, नाहीतर गोष्टीची गोडी निघून जाते. आधी परिच्छेद पूर्ण वाचावा. पुष्कळदा पुढच्या वाक्यात अर्थ उलगडतो.

मराठीत सुरुवात कशाने करावी? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ती पुस्तकरूपाने १९३५ मध्ये आली. एकेका रात्री सांगितलेली एकेक आठवण, अशी तिची मांडणी आहे. म्हणून रोज एक प्रकरण वाचता येते. भाषा थोडी जुनी आहे, तरी आई सर्वांना समजते. धाडस आवडत असेल, तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्याच्या शाळेत शिकतो, भरधाव सायकल चालवतो आणि नसत्या भानगडीत नाक खुपसून चोर पकडून देतो. याची वाक्ये छोटी, संवाद भरपूर. त्यामुळे वाचनाचा वेग आपोआप वाढतो. ज्यांना चित्रांशिवाय करमत नाही, त्यांनी 'चांदोबा'चे जुने अंक शोधावेत. हे मासिक १९५२ पासून अनेक वर्षे मराठीत निघत होते. त्यातील विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी तुमच्या आजी-आजोबांनाही आठवत असतील. त्यांना विचारून पाहा. 'खिलौना' किंवा 'पयाम-ए-तालीम' यांच्या आठवणीही त्याबरोबर निघतील.

पुस्तक निवडताना दुसऱ्याची मदत जरूर घ्यावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. रामेश्वरमला लहानग्या अब्दुल कलामांना एस. टी. आर. माणिकम यांनी आपल्या घरचा ग्रंथसंग्रह खुला करून दिला होता. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत पुस्तके मांडलेली असतात. तेव्हा नुसती पाहून पुढे जाऊ नका, एखादे उघडून बोटे मिटा.

ज्यांच्या गावात ग्रंथालय नाही, त्यांच्यासाठीही सोय आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आता संगणकावर किंवा मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. घरातील मोठ्यांचा मोबाइल अर्धा तास मिळाला, तरी दोन गोष्टी वाचून होतात. आपल्या अब्बांच्या किंवा अम्मीच्या जन्माच्या वर्षीचा अंक शोधून पाहा. त्यातील चित्रे, कोडी आणि जाहिरातीही त्यांना दाखवा.